परदेशातल्या चुलीचा धूर
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जालन्याहून सिंदखेडराजामार्गे मेहकरकडे निघालात, की वाटेत आमचं दुसरबीड लागतं. कपाशी, सोयाबीन, तूर आणि पावसाची वाट हे इथलं जगणं. जिजामाता सहकारी साखर कारखाना याच गावचा. तो बंद पडला आणि ऊस, वाहतूक, कामगार, चहाच्या टपऱ्या असं त्याच्याभोवतीचं सगळंच विस्कटलं. आता तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला. रस्ता मोठा झाला की माणूस लांब जातो. आधी जालना, मग पुणे-मुंबई, आणि आता एखाद्या घरचा मुलगा दुबईला, एखाद्याची मुलगी जर्मनीला, अशी बोलणी पारावर ऐकू येतात.

ही मुलं घरी फोन करतात तेव्हा पगाराचं बोलणं शेवटी येतं. आधी येतं ते जेवणाचं. पीठ मळलं तर भाकरी थापली जात नाही. तेलात मोहरी तडतडली, की खोलीच्या छताला लावलेलं धुराचं यंत्र कोकलायला लागतं आणि शेजारचे दारात येऊन उभे राहतात. थंडीत बाहेर किती कपडे घालायचे आणि आत आल्यावर किती काढायचे, हे महिनाभर उमगत नाही. कागदपत्रावर आडनावाच्या जागी बापाचं नाव पडतं आणि मग ते दुरुस्त करता करता नाकी नऊ येतात. आई इकडून विचारते, "बाबा, पोटभर जेवतोस ना?" आणि तो तिकडून "हो" म्हणतो.

ऐकणारे यावर हसतात. मात्र मराठी माणसाच्या परदेशगमनाचा इतिहास पाहिला तर याच बारीकसारीक फजित्यांनी काही माणसांचं नाव बदललं, काहींची तब्येत कायमची बिघडवली, आणि काहींचा जीवही घेतला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत पदव्या, सत्कार आणि भाषणं येतात. चूल, अंथरूण आणि पांघरूण येत नाही. म्हणून आज त्याबद्दल बोलायचं.

नावापासून सुरुवात करू. १८३४ साली ब्रिटिशांच्या वसाहतींत गुलामगिरी कायद्याने संपली आणि मॉरिशसच्या ऊसमळ्यांना मजूर कमी पडू लागले. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला कलकत्त्याहून गेलेल्या गिरमिटिया मजुरांची पहिली तुकडी 'अ‍ॅटलास' जहाजातून पोर्ट लुईला उतरली. पुढच्या जवळपास नव्वद वर्षांत हिंदुस्थानातून साडेचार लाखांहून अधिक माणसं त्या बेटावर गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी कुटुंबं होती. बंदरावर उतरल्यावर कारकून नाव विचारी. आपल्याकडे नाव सांगायची रीत घराची, गावाची, बापाच्या नावाची. कारकुनाला हवं होतं एक नाव आणि एक आडनाव. त्याने जे कानावर पडलं ते फ्रेंच-इंग्रजी वळणाने लिहिलं. आजोबांचं पाळण्यातलं नाव पुढच्या पिढीचं आडनाव झालं. त्यामुळे मॉरिशसच्या मराठी घरांत आज आपल्याला आडनावाच्या जागी सरळ व्यक्तिनावं भेटतात. या लोकांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत, आणि आपलं मूळ गाव शोधणारे लोक त्याच चुकलेल्या अक्षरांवरून माग काढतात. एका कारकुनाच्या घाईने घराण्याची ओळखच बदलली, पण गणपती काही बदलला नाही. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

मजुरांना आपली कहाणी लिहून ठेवता आली नाही. ती लिहिली शिकलेल्यांनी, आणि त्यांत सर्वांत चटका लावणारी कहाणी आनंदीबाई जोशी यांची.

आनंदीबाईंचं नाव आपल्याला ठाऊक असतं ते पहिली हिंदू स्त्री डॉक्टर म्हणून. 'आनंदी गोपाळ' ही श्री. ज. जोशींची कादंबरी घराघरांत वाचली गेली, त्यावर नाटक आलं, २०१९ मध्ये चित्रपटही आला. तरी त्यांचे अमेरिकेतले रोजचे दिवस कसे गेले, हे नीट सांगितलं जात नाही. १८८३ च्या एप्रिलमध्ये ही अठरा वर्षांची मुलगी कलकत्त्याहून बोटीत बसली. नवरा बरोबर नाही, नात्यातलं कुणी नाही. सोबत होती ती मिशनरी बायकांची. जाण्याआधी फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने भर सभेत भाषण करून आपण अमेरिकेला का जातो हे सांगितलं होतं, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्दही दिला होता. हा शब्द पुढे तिला फार महाग पडला, असं माझं मत आहे. सभेत दिलेला शब्द रोजच्या जेवणाच्या ताटावर पाळावा लागतो.

४ जूनला ती न्यूयॉर्कला उतरली. तिथे तिला घ्यायला आल्या होत्या थिओडोशिया कार्पेंटर. या बाईंची आणि जोशांची ओळख कशी झाली, ती गोष्टही गमतीची आहे. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिकडच्या मासिकात छापलं गेलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या होत्या. समोर पडलेलं ते मासिक त्यांनी सहज चाळलं, आणि पत्रव्यवहार सुरू झाला. त्या दिवशी त्यांची दाढ दुखली नसती तर काय झालं असतं, कुणी सांगावं! रोझेलच्या त्यांच्या घरी आनंदीबाई चार महिने लेकीसारख्या राहिल्या. त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या. तिथे त्यांनी एकदा पाहुण्यांना आपल्या पद्धतीचं जेवण घातलं. अमेरिकन बायका लुगडी नेसून जमिनीवर पंगतीला बसल्या आणि हातानं जेवल्या. आपण परदेशात काटे-चमचे उचलताना जी फजिती होते, ती त्या दिवशी उलट्या बाजूने झाली असणार.

खरी परीक्षा ऑक्टोबरपासून फिलाडेल्फियात सुरू झाली. पेनसिल्व्हेनियाचं ते स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय नावाजलेलं, डीन रेचल बॉडली अत्यंत मायाळू. पण आनंदीबाईंना राहायला मिळालेली खोली थंड. खोलीत शेकोटीची सोय धड नव्हती. पेटवली की धूर बाहेर जाण्याऐवजी आत पसरे. म्हणजे दोनच वाटा होत्या : विस्तव पेटवून धुरात खोकत बसायचं, नाहीतर विझवून कुडकुडत बसायचं. आणि अभ्यास तर रात्री करायचा. आपल्याकडे चुलीच्या धुराने डोळे चुरचुरले तर बाई परसात जाऊन उभी राहते. फिलाडेल्फियाच्या जानेवारीत परसात काय असणार? बर्फ!

दुसरा प्रश्न लुगड्याचा. आपलं नऊवारी लुगडं कामाला सोयीचं, चालायला सोयीचं. पण त्यात पोटऱ्या उघड्या राहतात. कल्याणला, कोल्हापूरला ते कुणाच्या लक्षातही येत नाही. गोठवणाऱ्या हवेत ते लक्षात येतं, आणि भर रस्त्यात लोकांच्या नजरेतही येतं. आनंदीबाईंनी उपाय शोधला. गुजराती पद्धतीने, पाय झाकले जातील असं लुगडं नेसायचं आणि आत परकर घालायचा. आज आपल्याला वाटेल, यात काय मोठंसं? पण तेव्हा वेश सोडणं म्हणजे धर्म सोडण्याच्या दारात उभं राहणं. हिंदुस्थानातली वर्तमानपत्रं टपून बसलेली. आणि नवरा? गोपाळरावांनीच तिला शिकवलं, त्यांनीच पाठवलं, हे खरं. पण पेहरावाच्या बदलावरून तेही रागावले.

इथे टपालाची गंमत लक्षात घ्यायला हवी. गोपाळराव स्वतः टपाल खात्यात नोकरीला. पण कलकत्त्याकडून फिलाडेल्फियाला पत्र पोचायला महिना-दीड महिना लागायचा. म्हणजे बायकोने विचारायचं, "थंडी फार आहे, असं नेसू का?" आणि त्याचं उत्तर यायचं तोवर थंडी संपलेली. नवऱ्याने रागावून पत्र टाकावं, आणि ते तिच्या हाती पडावं ते ती दुखण्यातून उठून बसलेली असताना. दोघांचं भांडण कधी एका वेळी होतच नसे. आज व्हिडिओवर नातवाला बघणाऱ्या आजीला हे खरं वाटणार नाही. संसारातले गैरसमज समोरासमोर दोन शब्दांत मिटतात, तेच समुद्रापलीकडून तीन तीन महिने चिघळतात. गोपाळराव अन्यायी होते की वेळेआधी जन्मलेले होते, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. माझा कल असा, की त्यांच्या हट्टाइतकाच दोष त्या दिरंगाईचाही होता.

तिसरा प्रश्न पोटाचा. शाकाहार सोडायचा नाही हे ठरलेलं. बोटीवरच हाल सुरू झाले होते. अमेरिकेत भाज्या मिळत, दूध मिळे, पण आमटी-भात-भाकरीच्या माणसाचं त्यावर भागत नाही. वरून व्याख्यानं, शवविच्छेदन, रात्रीची जागरणं. घटसर्पाने त्या आजारी पडल्या. डीनबाईंनी त्यांना काही दिवस स्वतःच्या घरी नेऊन ठेवलं. पुढे डोकेदुखी, ताप, खोकला हे पाठीच लागलं. क्षयाने शरीरात घर केव्हा केलं हे कुणालाच नक्की सांगता येणार नाही. आणि धुराची खोली, अर्धपोटी जेवण आणि थंडी यांनी क्षय झाला, असं वैद्यकाच्या दृष्टीने म्हणता येत नाही. तो जंतूंनी होतो. पण त्या जंतूंशी लढायला लागणारी ताकद मात्र याच गोष्टींनी खाल्ली.

त्या काळातलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १० ऑक्टोबर १८८५ चं. तीन विद्यार्थिनी ओळीने बसल्या आहेत : आनंदीबाई लुगड्यात, जपानच्या केई ओकामी किमोनोत, आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली त्यांच्या देशी पोशाखात. लोक हे चित्र अभिमानाने बघतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र दर वेळी वाटतं, की या तिघींनी त्या दिवशी एकमेकींना काय विचारलं असेल? बहुधा हेच, की तू जेवतेस काय, आणि पायांना थंडी वाजत नाही का!

११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. त्या त्यांच्या दूरच्या नात्यातल्या. रमाबाईंचीही तीच लढाई चालू होती. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तिथे ख्रिस्ती झाल्या, तरी त्यांनी मांसाहार काही केला नाही. धर्म बदलला तरी ताट कसं बदलत नाही, हे त्यांच्या इंग्रज गुरुभगिनींना कळेना. त्यांना त्यात जातीचा उरलेला अभिमान दिसे. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या जेवणाचा माझ्या श्रद्धेशी काय संबंध? अमेरिकेवर त्यांनी पुढे मराठीत ग्रंथ लिहिला, तो १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अटलांटिकवरच्या वादळापासून तिकडच्या शाळा-संस्थांपर्यंत सगळं आहे. मराठी बाईने परदेशाकडे भांबावून न जाता, चिकित्सक नजरेने पाहिलेलं ते पहिलं मोठं पुस्तक म्हणावं लागेल.

आनंदीबाई १८८६ च्या नोव्हेंबरात मुंबईला परतल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळातली नेमणूक हाती होती, ती घेताच आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना बाकी होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे आपल्या घराण्याच्या स्मशानभूमीत ठेवल्या. त्या मावशीच्या गावच्या मातीत आजही आहेत.

आता थोडं वेगळ्या मंडळींकडे वळू. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मराठी माणसांत शिपायांची संख्या मोठी, पण प्रवासवर्णनांत ते सापडत नाहीत. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेची पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी या फौजेला तैग्रिस नदीकाठच्या कूत-अल-अमारा गावात वेढा घातला. जवळपास पाच महिने वेढा चालला. धान्य संपत आलं. मग घोडे आणि खेचरं मारून शिधा म्हणून वाटायला सुरुवात झाली.

गोरे शिपाई घोडा खाऊ लागले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नकार दिला. वरिष्ठांनी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारा मागवल्या, की अशा प्रसंगी हे खाल्लं तर पाप नाही. तरी शिपाई मानेनात. ते हटवादी होते म्हणून नव्हे. त्यांची भीती साधी होती : गावी परत गेल्यावर पंगतीला कोण बसवून घेईल? मुलीशी लग्न कोण करील? सरकारच्या तारेने धर्म सुटेल, पण भावकी सुटेल का? सेनापतीला हे कळायला उशीर झाला. बहुसंख्यांनी मांस खायला घेतलं ते अगदी शेवटी, एप्रिलमध्ये, अंगात त्राण उरलं नव्हतं तेव्हा.

यातला वैद्यकीय भाग तर विलक्षण आहे. मांस नाही, ताजी भाजी नाही, त्यामुळे हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. गोऱ्यांना घोड्याच्या मांसाने स्कर्व्हीपासून वाचवलं, पण ते पांढऱ्या पिठाचा पाव खात होते, म्हणून त्यांना बेरीबेरीने गाठलं. हिंदी शिपाई कोंड्यासकट आट्याची रोटी खात, म्हणून ते बेरीबेरीतून वाचले. एकाच वेढ्यात, एकाच गावात, दोन ताटं आणि दोन रोग. जीवनसत्त्वांचं शास्त्र तेव्हा नुकतंच जन्माला येत होतं. शिपायांनी नदीकाठी उगवलेला पाला खुडून भाजी करून बघितली. आपल्या रानातली तांदुळजा, घोळ, चिवळ आपण डोळे मिटून ओळखतो. तिकडच्या रानाची ओळख नव्हती, आणि काहींना त्यातून विषबाधा झाली. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. पुढे वाळवंटातून तुर्की कैदेत चालत जाताना आणि छावण्यांत हजारो मेले.

हे सगळं ऐकून असं वाटू नये, की बाहेर गेलेला प्रत्येक जण खंगलाच. आमच्या विदर्भातलेच दोन गडी सांगतो. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशाच्या स्वातंत्र्याचं वेड घेऊन जपानमार्गे अमेरिकेला गेले. पडेल ते काम करत शिकले, गदरच्या चळवळीत उतरले, महायुद्धात इराणात लढले आणि १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले. तिथे भाषा स्पॅनिश. पण ताट ओळखीचं निघालं असेल! मक्याचं पीठ, हातावर थापलेली तोर्तिया, तिखट मिरची, घेवड्याच्या शेंगांतले दाणे. ज्वारीच्या मुलखातल्या माणसाला एवढं पुरेसं असतं. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या नव्या वाणांवर काम केलं, स्पॅनिशमध्ये पुस्तिका लिहिल्या, शेतकऱ्यांसाठी मुक्त शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरा त्यांचा मित्र. मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्याने जे रोजच्या भाकरीचं चित्र काढलं, त्यात पंगतीच्या मध्यभागी बसून भाकरी मोडणारा माणूस खानखोजेच, असं सांगितलं जातं. परक्या देशाच्या भिंतीवर भाकरी वाटताना रंगवलं जावं, ही वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसासाठी मोठीच गोष्ट! स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले.

दुसरे अमरावतीत वाढलेले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. १९०६ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेवर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. हिंदुस्थानात जातीत राहणारा माणूस जातीकडे लांबून बघायला शिकला तो तिकडे. परतीच्या वाटेवर लंडनमध्ये त्यांची ओळख एडिथ कोहन या ज्यू बाईंशी झाली. महायुद्ध आड आलं. लग्न झालं ते १९२० मध्ये, इकडे आल्यावर, व्रात्यस्तोम विधी करून. एडिथच्या शीलवती केतकर झाल्या.

आणि मग सगळा खेळ उलटा फिरला. आता परदेश म्हणजे पुणे. चूल आपली, भाषा आपली, सासर आपलं, आणि भांबावलेली बाई युरोपातली. नवरा ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांत बुडालेला, हाताशी पैसा बेताचा, आणि शेजारच्या बायका ही गोरी बाई लुगडं कसं नेसते ते बघायला येणाऱ्या. शीलवतीबाईंनी मराठी शिकून घेतली. नवऱ्यामागे कितीतरी वर्षांनी, १९६९ मध्ये, त्यांचं 'मीच हे सांगितलं पाहिजे' हे आत्मकथन प्रसिद्ध झालं. जुन्या वाचनालयात ते मिळालं तर अवश्य वाचावं. आणि त्यांनी आणखी एक काम केलं, ते फारसं कुणी सांगत नाही. विंटरनिट्झ या पंडिताने जर्मन भाषेत लिहिलेला भारतीय वाङ्मयाचा इतिहास त्यांनी इंग्रजीत आणला. त्याचा पहिला खंड कलकत्ता विद्यापीठाने १९२७ साली काढला. संस्कृत शिकणारी देशोदेशीची मुलं तो अजूनही चाळतात, आणि आतल्या पानावर अनुवादक म्हणून नाव आहे मिसेस एस. केतकर.